झोपेत बळावणारा अपस्मार आणि मुलाचे शिकणे : तपासणी, उपचार आणि पाठपुरावा

मुलाला फिट येते म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांचे लक्ष फिटवर खिळते आणि ते स्वाभाविकही आहे, कारण ती दिसते, घाबरवते आणि मोजता येते. मात्र बालपणातील अपस्माराचा एक प्रकार असा आहे की ज्यात फिट क्वचित येते, कधी कधी मुळीच येत नाही, आणि तरीही चांगले बोलणारे मूल शब्द विसरू लागते, पाठ असलेले पाढे अडखळतात, शांत स्वभावाचे मूल एकाएकी मारकुटे होते. या आजारात मेंदूतील विद्युत बिघाड प्रामुख्याने गाढ झोपेत होतो आणि त्याची किंमत मूल दिवसा मोजते. त्यामुळे उपचार करताना फिट, झोपेतला ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची नोंद) आणि मुलाचे शिकणे या तिन्ही गोष्टींकडे एकत्र पाहावे लागते. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असूनही ती बहुतेकदा सर्वांत शेवटी तपासली जाते, हे मला मनापासून खटकते. पुढील मार्गदर्शन बालमेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. त्यांच्यासमोर बसल्यावर काय सांगावे, काय विचारावे आणि कोणत्या बाबतीत थांबून राहू नये, हे पालकांना कळावे एवढाच त्याचा हेतू आहे.

आजार कोणता

मूल जागे असताना ईईजीत तुरळक दिसणाऱ्या स्पाइक लहरी, म्हणजे अपस्मारातल्या टोकदार विद्युत लहरी, झोप लागताच जवळजवळ अखंड सुरू होतात, असे वर्णन पात्री, लियागुबी आणि तासिनारी या संशोधकांनी 1971 मध्ये प्रथम केले. पुढे या चित्राला ईएसईएस (इलेक्ट्रिकल स्टेटस एपिलेप्टिकस इन स्लीप) हे नाव रूढ झाले आणि जुन्या कागदपत्रांत ते अजूनही आढळते. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने 2022 मध्ये आजारांची नावे नव्याने निश्चित केली, तेव्हापासून अहवालात ‘ईई-स्वास’ किंवा ‘डीईई-स्वास’ असे लिहिलेले दिसू शकते (‘ईई’ म्हणजे अपस्मारामुळे मेंदूच्या कामात झालेला बिघाड, ‘डी’ म्हणजे विकासाशी संबंधित, ‘स्वास’ म्हणजे झोपेत बळावणाऱ्या स्पाइक लहरी). मुलाचा विकास आधीपासूनच मंद असेल तर दुसरे नाव वापरले जाते, आधी सुरळीत असेल तर पहिले. भाषा प्रामुख्याने हरपते तेव्हा त्याला लँडाउ-क्लेफ्नर सिंड्रोम म्हणतात. लँडाउ आणि क्लेफ्नर यांनी त्याचे वर्णन 1957 मध्येच केले होते.

आजार साधारणपणे 2 ते 12 वर्षे या वयात सुरू होतो आणि 4 ते 5 वर्षांच्या आसपास त्याचे प्रमाण अधिक असते. कारणे एकसारखी नसतात. काही मुलांच्या मेंदूला जन्माच्या सुमारास इजा झालेली असते आणि त्यात थॅलॅमस या खोलवरच्या भागाची इजा विशेष महत्त्वाची ठरते. काहींच्या मेंदूची घडण गर्भातच वेगळी झालेली असते, तर काहींमध्ये जीआरआयएन2ए या जनुकात बदल सापडतो. उरलेल्या बऱ्याच मुलांमध्ये सर्व तपासण्या होऊनही कारण हाती लागत नाही.

झोपेतल्या लहरींनी जागेपणीची बुद्धी का बाधित व्हावी, हे समजून घेतल्यास उपचारांची निकड आपोआप पटते. दिवसभर शिकताना मेंदूतील पेशींचे परस्परसंबंध घट्ट होत जातात. रात्रीच्या गाढ झोपेतील संथ लहरी हे संबंध पुन्हा सैल करून आवश्यक तेवढेच राखतात आणि सकाळी मेंदू नवे ग्रहण करण्यास मोकळा होतो, असा सिद्धांत टोनोनी आणि चिरेली या झोपेच्या अभ्यासकांनी मांडला आहे. निरोगी मुलांमध्ये या संथ लहरींचा उतार, म्हणजे ईईजीतील त्यांच्या रेषेचा चढ-उताराचा तीव्रपणा, रात्र सरत जाते तसा मंदावत जातो. या आजाराच्या मुलांमध्ये तो पुरेसा मंदावत नाही, असे मोजमापांत आढळले आहे. स्पाइक लहरी ज्या भागात अधिक असतील त्या भागाचे काम बिघडते. कपाळामागील भाग बाधित असेल तर लक्ष, आवर आणि वागणे बिघडते. कानाजवळचा भाग बाधित असेल तर भाषा जाते. मधल्या पट्ट्यात केंद्र असेल तर उच्चार अस्पष्ट होतात आणि लाळ गळू लागते.

शंका कधी घ्यावी

मुलाने आधी कमावलेले कौशल्य गमावणे ही सर्वांत मोठी खूण आहे. उशिरा शिकणे आणि शिकलेले हरवणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात ‘वाढीचे वय आहे, होईल ठीक’ म्हणून वाट पाहणे योग्य नाही. लँडाउ-क्लेफ्नरमध्ये मूल हाका मारूनही वळत नाही. पालकांना बहिरेपणाची शंका येते, ऐकण्याची चाचणी मात्र उत्तम निघते. कारण आवाज कानापर्यंत पोहोचतो, पण मेंदूला त्याचा अर्थ लागत नाही. अशा काही मुलांना स्वमग्नतेचे निदान दिले जाते. भाषा नीट येत असताना वयाच्या 3 वर्षांनंतर ती हरपली असेल, तर झोपेतला ईईजी झाल्याशिवाय कोणतेही निदान अंतिम मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या मुलाला आधीच अपस्मार आहे, त्याच्याबाबत आणखी सावध राहावे. झोपेत तोंडाची एक बाजू ओढली जाणे, घशातून गुरगुर आवाज येणे, शुद्ध असूनही बोलता न येणे, अशा फिटचा रोलँडिक अपस्मार हा मुलांमधील नेहमीचा आणि बहुतांशी सौम्य प्रकार आहे. तो किशोरवयापर्यंत थांबतो आणि बहुसंख्य मुलांना कायमचा त्रास राहत नाही. तथापि, यांतल्या थोड्या मुलांचा आजार पुढे याच गंभीर रूपात वळतो. त्यामुळे सौम्य म्हणून सांगितलेल्या अपस्मारातही अभ्यास घसरू लागला, बोलणे अस्पष्ट झाले किंवा वागणे बिघडले, तर लगेच पुन्हा दाखवावे.

नोंदवही ठेवावी, पण ती फक्त फिटची नसावी. ‘त्रास देतो’ किंवा ‘लक्ष नाही’ अशा शेऱ्यांचा डॉक्टरांना फारसा उपयोग होत नाही. त्याऐवजी ‘पूर्वी तीन सूचना एका वेळी पाळत असे, गेल्या महिन्यापासून पहिलीच करतो आणि थांबतो’, ‘चित्रातली घोडा, खिडकी, छत्री ही नावे सांगत असे, आता खिडकीला “ते उघडतात ते” म्हणतो’, अशा वाक्यांनी चित्र स्पष्ट होते. दर महिन्याला त्याच पुस्तकातील तेच पान वाचायला सांगून किंवा त्याच चित्राचे वर्णन करायला सांगून मोबाइलवर मिनिटभराचे चित्रण करून ठेवावे. वर्षभराच्या अशा चित्रणांतून आपल्या आठवणीपेक्षा कितीतरी अधिक कळते. रात्री संशयास्पद हालचाल झाली तर तिचेही चित्रण करावे. रात्री घाबरून उठण्याचा साधा प्रकार सहसा झोपेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात घडतो आणि काही मिनिटे चालतो. फिट मात्र बहुधा आखूड असते, प्रत्येक वेळी जवळजवळ तशीच दिसते आणि रात्रीत अनेकदा येऊ शकते.

झोपेतला ईईजी कसा करून घ्यावा

अर्ध्या तासाचा जागेपणीचा ईईजी सामान्य आला, म्हणून हा आजार नाही असे म्हणता येत नाही. गाढ झोप नोंदली जाणे आवश्यक आहे. शक्य असल्यास संपूर्ण रात्रीची नोंद घ्यावी आणि ते जमत नसेल तर निदान जागेपण, झोप लागणे व पुरेशी गाढ झोप हे सगळे एकाच नोंदीत यावे, असा आग्रह धरावा. दुपारच्या डुलकीत केलेली तपासणी पहिल्या चाळणीसाठी उपयोगी पडते. मात्र ती सामान्य आली आणि मुलातले बदल कायम असतील, तर रात्रीची तपासणी मागावी.

तपासणीच्या दिवशी केस स्वच्छ धुतलेले, कोरडे आणि तेलाविना असावेत. डोक्याला वीस-बावीस इलेक्ट्रोड चिकटवताना लहान मूल कासावीस होते. आदल्या दिवशी बाहुलीच्या डोक्याला कापसाचे बोळे चिकटवून हा प्रकार खेळून घेतला, तर पुष्कळ फरक पडतो. रोजचे पांघरूण आणि रोजची उशी सोबत न्यावी. नेहमीची औषधे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नयेत. झोप येण्यासाठी औषध देणार असतील, तर त्याचा लहरींवर परिणाम होतो का, हे आधी विचारावे. बेन्झोडायझेपिन या शामक गटातली औषधे स्पाइक दाबतात आणि खरे चित्र झाकले जाते.

अहवालात स्पाइक-वेव्ह इंडेक्स नावाचा आकडा असतो. गाढ झोपेच्या एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ स्पाइक लहरींनी व्यापला आहे, हे तो सांगतो. पूर्वी 85 टक्के ही सीमा धरली जात असे. आताच्या व्याख्येत 50 टक्क्यांपासून पुढे विचार केला जातो आणि त्यासोबत बुद्धी, भाषा किंवा वागणे यांतील घसरण असणे आवश्यक मानले जाते. आकडा कसा मोजला, रात्रीचा कोणता भाग मोजला, हे ठिकाणागणिक बदलते. म्हणून शक्यतो प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी आणि एकाच पद्धतीने तपासणी करावी, नाहीतर 70 चे 55 झाले यात औषधाचा वाटा किती आणि मोजणाऱ्याचा किती, हे कळत नाही.

ईईजीबरोबर एमआरआय करावा लागतो आणि अनेकदा जनुकीय तपासणीही सुचवली जाते. याच सुमारास, म्हणजे मोठे औषध सुरू होण्यापूर्वी, बालमानसतज्ज्ञांकडून बुद्धी, भाषा, स्मृती आणि लक्ष यांची पद्धतशीर चाचणी करून घ्यावी. तिचा निकाल येईपर्यंत उपचार रोखून धरू नयेत, पण ही पायरी गाळूही नये. सुरुवातीची पातळी नोंदलेली नसेल, तर सहा महिन्यांनी औषधाने उपयोग झाला की नाही, याचे उत्तर अंदाजानेच द्यावे लागते.

औषधे : कोणती टाळावीत, कोणती द्यावीत

प्रथम टाळण्याच्या औषधांबद्दल. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटोइन आणि फिनोबार्बिटल ही अपस्मारातील नेहमीची औषधे असून इतर प्रकारांत ती उत्तम काम करतात. परंतु या आजारात त्यांनी काही मुलांच्या झोपेतील स्पाइक लहरी वाढतात आणि फिट थांबूनही मुलाची घसरण सुरू राहते. मूल यांपैकी एखादे औषध घेत असताना मागे पडू लागले, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारावी. मात्र औषध स्वतःहून कधीही बंद करू नये, कारण एकाएकी बंद केल्याने लांबलेली, जीवघेणी फिट येऊ शकते.

उपचारांची सुरुवात अनेक ठिकाणी व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटॅम, इथोसक्सिमाइड किंवा सल्थिएम यांपैकी एकाने होते. ही औषधे फिटवर चांगली चालतात, झोपेतल्या लहरींवर मात्र त्यांचा परिणाम कमी-अधिक असतो. व्हॅल्प्रोएट सुरू असताना यकृताच्या तपासण्या लागतात आणि माइटोकॉन्ड्रियाच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांच्या) काही आजारांत ते धोकादायक असल्याने तसा संशय असेल तर आधी जनुकीय तपासणी करतात. मुलगी वयात येत असेल, तर भावी गर्भावरील दुष्परिणामांची चर्चा वेळेवर व्हायला हवी. लेव्हेटिरासेटॅमने काही मुले फार चिडचिडी होतात. वागणे हाच आजाराचा भाग असलेल्या मुलात हा दुष्परिणाम सहज नजरेआड होतो, म्हणून औषध सुरू केल्याची तारीख आणि वागण्यातला बदल नोंदवहीत शेजारी शेजारी लिहावा. सल्थिएमने हाता-पायांना मुंग्या येणे आणि श्वास जलद होणे असा त्रास होऊ शकतो.

यापुढची पायरी म्हणजे बेन्झोडायझेपिन आणि स्टिरॉइड. क्लोबाझॅम नियमित दिले जाते. डायझेपाम मोठ्या मात्रेत रात्री काही आठवडे देण्याची पद्धतही आहे, पण त्यात गुंगी आणि श्वास मंदावणे हा धोका असल्याने सुरुवात वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावी लागते. या गटातल्या औषधांचा प्रभाव काही महिन्यांनी ओसरण्याची शक्यता असते. स्टिरॉइड रोज तोंडाने देतात, किंवा ठरावीक अंतराने काही दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन देतात.

कोणता उपचार सरस, याचे पुरावे मर्यादित आहेत, तरी दिशा दाखवण्याइतके आहेत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात 575 मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. नेहमीच्या अपस्मारविरोधी औषधांनी 49 टक्के, बेन्झोडायझेपिनने 68 टक्के, स्टिरॉइडने 81 टक्के आणि शस्त्रक्रियेने 90 टक्के वेळा सुधारणा नोंदली गेली. हे आकडे प्रसिद्ध झालेल्या नोंदींवरून काढलेले आहेत आणि यशस्वी झालेले उपचार अधिक प्रसिद्ध होतात. शिवाय शस्त्रक्रियेसाठी निवडलेली मुले वेगळीच असतात. म्हणून टक्के जसेच्या तसे आपल्या मुलाला लावू नयेत, पण त्यांतून दिसणारा क्रम लक्षात ठेवावा. 2024 मध्ये युरोपातील एका चाचणीचे निष्कर्ष आले. तीत चिठ्ठी टाकल्याप्रमाणे वाटणी करून काही मुलांना स्टिरॉइड आणि काहींना क्लोबाझॅम दिले होते. बुद्ध्यंकात ठळक, म्हणजे किमान 11.25 गुणांची वाढ स्टिरॉइड गटातल्या 25 टक्के मुलांत दिसली आणि क्लोबाझॅम गटात एकाही मुलात दिसली नाही. चाचणीत अवघी 45 मुले होती आणि पुरेशी मुले न मिळाल्याने ती लवकर थांबवावी लागली. तरीही स्पष्ट घसरण होत असलेल्या मुलाला सौम्य औषधांवर महिनोन्‌महिने ठेवू नये, असे मानायला हा मोठा आधार आहे. ईईजीतील बिघाड जितका दीर्घकाळ टिकतो तितकी भरून न येणारी हानी अधिक होते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि सुमारे दोन वर्षांहून अधिक काळ टिकलेला बिघाड विशेष चिंताजनक मानला जातो.

स्टिरॉइडच्या नावाने पालक धास्तावतात. ती धास्ती अनाठायी नाही, पण तिला शिस्तीने उत्तर देता येते. औषध सुरू करण्यापूर्वी वजन, उंची, रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासावी, कांजिण्या होऊन गेल्या आहेत का किंवा त्यांची लस झाली आहे का, हे पाहावे आणि राहिलेल्या लसींबद्दल विचारावे. मोठ्या मात्रेत स्टिरॉइड चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत. या काळात भूक वाढते, चेहरा गोल होतो, झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते. तोंडाने घ्यायचा डोस सकाळी, खाण्यानंतर द्यावा. कांजिण्या किंवा गोवर झालेल्या व्यक्तीच्या सान्निध्यात मूल आले, ताप आला, किंवा उलट्यांमुळे डोस पोटात राहिला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. काही आठवडे स्टिरॉइड घेतल्यानंतर शरीराचे स्वतःचे उत्पादन मंदावलेले असते, म्हणून ते अचानक थांबवणे धोक्याचे असते. मात्रा ठरवून दिलेल्या पायऱ्यांनीच कमी करावी.

औषधांनी भागत नसेल तर कीटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थांचा) आणि इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडे) हे पर्याय विचारात घेतले जातात. आहार सुरू करायचा असेल तर तो प्रशिक्षित आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच असावा. शस्त्रक्रियेचा प्रश्न मात्र शेवटासाठी राखून ठेवू नये. एमआरआयमध्ये एका बाजूला इजा दिसत असेल, विशेषतः मुलाची शरीराची एक बाजू जन्मापासून दुर्बळ असेल, तर अपस्मार शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राचे मत सुरुवातीच्या काळातच घ्यावे. बाधित भाग वेगळा केल्यानंतर दुसऱ्या बाजूला पसरलेल्या लहरीही बहुतेकदा थांबतात, आणि अशा निवडक मुलांना याचा फार मोठा लाभ होतो.

उपचार लागू पडतो आहे का

नवा उपचार सुरू केल्यावर साधारण दीड ते तीन महिन्यांत झोपेतला ईईजी पुन्हा करावा आणि बुद्धी-भाषेची चाचणी सहा ते बारा महिन्यांनी व्हावी. फिट थांबल्या, पण ईईजी तसाच आहे आणि मूलही तिथेच अडकले आहे, याला यश म्हणू नये. उलट बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. ईईजीतला आकडा थोडा उरला आहे, पण मूल बोलते आहे, शिकते आहे, तर केवळ तो आकडा शून्यावर आणण्यासाठी औषधांवर औषधे चढवत जाणे मुलाच्याच मुळावर येते. चार औषधांच्या गुंगीत असलेले मूल शिकू शकत नाही. प्रत्येक भेटीत डॉक्टरांना विचारावे की या औषधाकडून आपण काय अपेक्षित धरतो आहोत, ते किती आठवड्यांत दिसावे आणि दिसले नाही तर पुढे काय.

घरी तातडीच्या प्रसंगाची तयारीही हवी. फिट आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे. फिट 5 मिनिटांत थांबली नाही तर लिहून दिलेले नाकातून किंवा गालाच्या आत द्यायचे मिडाझोलॅम द्यावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. झोपेच्या वेळा नियमित ठेवाव्यात. मूल घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, तर त्याची वेगळी तपासणी करावी, कारण तुटक झोप स्वतःच स्मृती बिघडवते आणि दोष भलत्याच औषधावर जातो.

भाषा आणि शाळा

वाणी-भाषा उपचार ईईजी सुधारण्याची वाट न पाहता सुरू करावेत. ज्या मुलाला ऐकलेल्या शब्दांचा अर्थ लागत नाही, त्याच्याशी मोठ्याने बोलून काही साधत नाही. त्याला चित्रे, हावभाव, खुणांची भाषा आणि वाचता येत असल्यास लिहिलेले शब्द द्यावेत. खुणा शिकवल्या तर मूल बोलणे सोडून देईल, ही भीती निराधार आहे. व्यक्त होण्याची वाट मिळाली की मुलाची चिडचिड कमी होते आणि बोलणे परतण्यास मदतच होते. लक्ष आणि चंचलपणाच्या तक्रारी तीव्र असतील, तर त्यांवरही स्वतंत्र उपचार असतात. अपस्मार आहे म्हणून ते नाकारण्याचे कारण नाही.

शिक्षकांना आजाराचे नाव सांगून भागत नाही. हे मूल काल जे करू शकले ते आज करू शकेलच असे नाही, आणि तो आळस नाही, हे त्यांना लेखी कळवावे. पुढच्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, तीही लिहून किंवा चित्राने, परीक्षेत अधिक वेळ, आणि सकाळच्या औषधाची गुंगी असल्यास अवघड विषय उशिराच्या तासाला, एवढ्या सोयी बहुतेक शाळांना जमण्याजोग्या असतात. वर्गात डोळे टक लावून राहणे, हातातली पेन्सिल पडणे, एकाएकी मान लवणे असे काही दिसल्यास शिक्षकांनी वेळ आणि कालावधी लिहून पाठवावा.

किशोरवयात प्रवेश करेपर्यंत बहुतेक मुलांच्या झोपेतील लहरी ओसरतात आणि फिटही थांबतात. हे आश्वासक असले तरी त्या भरवशावर उपचार पुढे ढकलू नयेत, कारण लहरी गेल्या तरी आधी झालेले नुकसान पूर्ण भरून येतेच असे नाही. बऱ्याच मुलांना भाषेची किंवा अभ्यासाची अडचण पुढेही राहते आणि त्यांना ईईजी सामान्य झाल्यानंतरही वाणी-भाषा उपचार व शालेय मदत चालू ठेवावी लागते. स्टिरॉइडची मात्रा कमी करताना किंवा ते थांबवल्यानंतर आजार उलटण्याची शक्यता असते. म्हणून औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनी झोपेतला ईईजी करण्याची तारीख त्याच भेटीत ठरवून घ्यावी आणि मधल्या काळात मुलाने शिकलेले काहीही गमावल्याचे दिसले, तर त्या तारखेची वाट न पाहता लगेच तपासणी करून घ्यावी.